याशिका-मॅट १२४ जी: लेन्सला पैसे द्या, मीटरला नको (आणि सोलापूरच्या पाण्यात रोल कसा धुवायचा)

मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा, जुना कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दहापैकी आठ जण याशिका-मॅट १२४ जी सुचवतात. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कॅमेरा उत्तम. मात्र त्याच्या नावातल्या ‘जी’पायी जी जादा किंमत मोजावी लागते ती फुकट जाते, आणि सोलापुरात राहून हा कॅमेरा वापरायचा तर खरं घोडं पेंड खातं ते कॅमेऱ्यात नाही, रोल धुण्याच्या पाण्यात. म्हणून इथे दोन्हींबद्दल लिहितो.

आधी कॅमेरा. एकावर एक अशा दोन लेन्सचा, वरून खाली बघून फोटो काढायचा. १९६८ साली याशिका-मॅट १२४ आला, १९७० साली १२४ जी, आणि तो १९८६ पर्यंत निघत होता. १२० चा रोल, ६ बाय ६ सेंटिमीटरची चौकोनी निगेटिव्ह, एका रोलमध्ये बारा फोटो. २२० चा रोलही चालतो, त्यासाठी मागच्या झाकणातली प्लेट सरकवायची असते. जुना कॅमेरा हातात आला की ती प्लेट १२० वर आहे ना, हे पहिल्यांदा बघा. खालची, म्हणजे फोटो काढणारी लेन्स याशिनॉन ८० मिमी, एफ ३.५. टेसर पद्धतीची, चार काचा तीन गटांत. वरची, बघायची लेन्स एफ २.८ ची, त्यामुळे ग्राउंड ग्लासवर, म्हणजे वरच्या दुधी काचेवर, चित्र बऱ्यापैकी उजळ दिसतं. शटर कोपाल एसव्ही, एक सेकंदापासून १/५०० पर्यंत आणि ‘बी’, म्हणजे बटण दाबून धराल तोवर उघडं.

‘जी’ म्हणजे उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सर्किटमधल्या कॉन्टॅक्टना दिलेला सोन्याचा मुलामा. लेन्स आणि शटर आधीच्या १२४ मध्येही हेच आहे. फरक पडतो तो काळ्या रंगाचा आणि त्या मुलाम्याचा. आता त्या मीटरची अवस्था बघा. तो सीडीएस नावाच्या, उजेड मोजणाऱ्या पेशीचा आहे, पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या पीएक्स ६२५ बॅटरीसाठी जुळवलेला. त्या बॅटऱ्या केव्हाच बंद झाल्या. त्याच आकाराची अल्कलाइन बॅटरी घातली तर ती १.५ व्होल्ट देते, काटा असायला हवा त्यापेक्षा वर जातो, मीटरला वाटतं उजेड जास्त आहे आणि निगेटिव्ह पातळ येते. शिवाय अल्कलाइनचं व्होल्टेज वापरासोबत हळूहळू उतरत जातं, म्हणजे चूकही रोज वेगळी. कानाच्या मशीनची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी रबरी रिंग लावून बसवता येते. ती १.४ व्होल्ट देते आणि उतरेपर्यंत स्थिर राहते. पण तिला हवेची भोकं असतात, आणि आपल्या कोरड्या हवेत ती लवकर सुकते. एवढं सगळं करून पन्नासेक वर्षांच्या पेशीवर भरवसा ठेवायचा, त्यापेक्षा फोनवरचं लाइट मीटरचं ॲप बरं. म्हणून मीटर बंद पडलेला १२४ किंवा त्याआधीचा बिनमीटरचा याशिका-मॅट स्वस्तात मिळत असेल तर डोळे झाकून तो घ्या. म्हणजे मीटरकडे डोळे झाका, बाकी सगळं डोळे उघडे ठेवून बघा.

काय बघायचं? मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर ठेवून दाबून धरा आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी. सगळीकडे सारखं धुरकट दिसलं तर आतल्या काचेवर ग्रीसची वाफ बसलेली असते, ती बहुतेक वेळा साफ होते. कोकण-मुंबईहून आलेल्या कॅमेऱ्यांत बुरशी जास्त सापडते. आपल्याकडच्या कोरड्या हवेतल्या कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं, त्यांचं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. त्याची खूण म्हणजे हळू स्पीड अडखळतात. एक सेकंद लावून शटर दाबा आणि घरघर ऐका. ती एकसारखी हवी. मध्येच रडतखडत थांबली किंवा दोन सेकंद लागले, तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला. १/३० च्या वरचे स्पीड ठीक असतील तर बाहेरच्या उजेडात काम चालतं, पण मग विकणाऱ्याने ‘ओके वर्किंग’ म्हणायचं कारण नाही.

ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर तेलाची चमक दिसते का तेही बघा. आपल्याकडे हे सर्रास होतं, कारण कॅमेरा एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात पडून असतो. उष्णतेने ग्रीसमधलं तेल सुटतं आणि पात्यांवर, तिथून शटरवर जातं.

फोकसची तपासणी मात्र दुकानात उभ्याउभ्या होणार नाही, कॅमेरा एक दिवस घरी आणायची परवानगी मागा. फिल्म जिथून जाते त्या दोन रुळांवर दुधी रंगाची चिकटपट्टी ताणून आडवी लावा, चकचकीत पारदर्शक नको. शटर ‘बी’वर, केबल रिलीजने उघडं ठेवायचं, ॲपर्चर ३.५. गच्चीवर जाऊन दूरची एखादी गिरणीची चिमणी किंवा मोबाइलचा टॉवर धरा. वरच्या ग्राउंड ग्लासवर भिंगातून तो टॉवर कडक फोकस करा, मग मागच्या पट्टीवर भिंग लावून बघा. तिथेही टॉवरच्या आडव्या पट्ट्या तितक्याच टोकदार दिसायला हव्यात आणि फोकसचं बटण अनंतच्या खुणेपाशी असायला हवं. वर स्पष्ट आणि खाली पुसट असेल तर कुणीतरी कधीतरी पुढची प्लेट उघडून लेन्स चुकीच्या आट्यावर बसवली आहे. असा कॅमेरा दिसायला नवाकोरा असला तरी प्रत्येक फोटो किंचित हललेला वाटतो आणि माणूस विनाकारण स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

वापरताना दोन पथ्यं. १/५०० हवा असेल तर क्रँक, म्हणजे फिल्म पुढे नेणारा बाजूचा दांडा, फिरवायच्या आधी लावा. शटर चढल्यावर त्या आकड्यावर जबरदस्तीने नेऊ नका. आणि सेल्फ टायमरला, म्हणजे ‘व्ही’ लिहिलेल्या खुणेला, हातही लावू नका. जुन्या शटरमध्ये टायमर अडकला की शटरही त्याच्यासोबत अडकतं. तो दांडा ‘एक्स’वर ठेवा आणि विसरून जा.

रोल भरणं सोपं आहे. नवा रोल खालच्या कप्प्यात, रिकामा स्पूल वर. कागदाचं टोक स्पूलच्या खाचेत सरळ बसवा, कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी येईपर्यंत फिरवा, झाकण बंद करा, मग क्रँक फिरवा. तो एकावर आपोआप थांबतो. बोटाने रोल किंचित दाबून धरत गुंडाळला नाही तर स्पूलवर कागद सैल बसतो आणि कडेने उजेड शिरून फोटोच्या काठावर काळे-पांढरे फराटे येतात. आपल्याकडचं ऊन बघता हे काम सावलीतच करा. सावली नसेल तर निदान स्वतःच्या अंगाची सावली तरी करा.

आता याच्यावर फोटो कसे येतात? एफ ८ आणि ११ ला लेन्स फार सुंदर आहे, कोपऱ्यापर्यंत टोकदार. ३.५ ला मधला भाग चांगला, कोपरे मऊ, पोर्ट्रेटला हेच हवं असतं. उन्हाकडे तोंड करून मात्र चित्र पांढुरकं होतं, कोटिंग त्या काळचं आहे. बे-वन मापाचं लेन्स हूड लावलंच पाहिजे. भर दुपारी सोलापुरात ४०० ची फिल्म घालणं म्हणजे हात बांधून घेणं. १/५०० च्या वर स्पीड नाही, मग ॲपर्चर १६ च्या खाली आणता येत नाही. इल्फर्ड एफपी-४ प्लस, १२५ आयएसओ, इथल्या उजेडाला बरोबर बसते. कडक उन्हात १/१२५ ला एफ १६, किंवा तेवढंच एक्स्पोजर १/५०० ला एफ ८. मोकळ्या सावलीत तीन स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पिवळा फिल्टर लावला तर आणखी एक.

मीटर कुठलाही असो, तो समोरच्या गोष्टीला करडी समजतो. भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडी भिंतीवर धराल तर तो जास्त उजेड द्यायला सांगतो आणि भिंत राखाडी येते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीवर, म्हणजे अंगरख्यावर, धराल तर उलट होतं, एक ते दीड स्टॉप जास्त द्यावा लागतो, नाहीतर कपडे करडे आणि चेहरे काळे. सोपा उपाय म्हणजे स्वतःचा तळहात त्याच उन्हात धरून त्यावर मीटर लावायचा आणि एक स्टॉप जास्त द्यायचा.

यात्रेच्या मिरवणुकीत मात्र हा कॅमेरा त्रास देतो. ग्राउंड ग्लासवर डावं-उजवं उलटं दिसतं. नंदीध्वज डावीकडून येत असला की काचेत तो उजवीकडून येतो, आणि हात नेमका विरुद्ध दिशेला वळतो. सवय होते, पण वेळ लागतो. अशा वेळी ग्राउंड ग्लासभोवतीच्या हुडची पुढची फळी आत दाबून त्याची सरळ चौकट करा, फोकस पाच-सहा मीटरवर, ॲपर्चर ११, आणि डोळ्यासमोर धरून काढा.

उलट यंत्रमागाच्या शेडमध्ये हा कॅमेरा खुलतो. शटर लेन्समध्येच पात्यांचं (लीफ शटर), आरसा उडायची भानगड नाही, १/३० हातात धरून चालतो. पट्टा मानेवर ताणून कॅमेरा खाली ओढून धरायचा. ट्रायपॉड इथे उलट नडतो, कारण माग चालू असताना जमीनच थरथरत असते आणि ती थरथर पायातून थेट कॅमेऱ्यात जाते. इथे एचपी-५ प्लस, ४०० आयएसओ घाला. रोल बदलायचा तो मात्र शेडच्या बाहेर येऊन. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, झाकण उघडलं की एखादा आत जाऊन फिल्मच्या खिडकीच्या कडेला चिकटतो आणि पुढच्या बाराही फोटोंत एकाच जागी केस दिसतो.

आता पाणी. फिल्म धुण्याचे सगळे तक्ते २० अंशांचे असतात, आणि उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात लावू देत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ते आपोआप विशीच्या आसपास येतं, तेव्हा काही करावं लागत नाही. बाकी वर्षभर वीसचा हट्ट सोडा. २४ ते २६ अंशांवर काम करा आणि वेळ कमी करा. अंशागणिक साधारण नऊ-दहा टक्के वेळ घटते. एफपी-४ प्लस, आयडी-११ हा इल्फर्डचा डेव्हलपर एकास एक, म्हणजे तितकंच पाणी घालून: २० अंशांना ११ मिनिटं, २४ ला पावणेआठ, २६ ला साधारण साडेसहा. एचपी-५ प्लस त्याच डेव्हलपरमध्ये २० अंशांना १३ मिनिटं, २४ ला नऊ. डेव्हलपर सरळ न वापरता एकास एक करायचं कारण हेच. सरळ वापरला तर गरम पाण्यात वेळ पाच मिनिटांच्या खाली जाते, आणि मग ओततानाच्या काही सेकंदांच्या फरकाने आकाशात ढगासारखे पट्टे येतात.

पाणी २५ वर आणायला बर्फाची गरज नाही. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठ झकास काम करतो. रात्रभर खिडकीत ठेवलेल्या माठातलं पाणी सकाळी मोजा, भर मे महिन्यातही ते पंचविशीच्या आसपास सापडतं. त्या पाण्याने अर्धी बादली भरा आणि डेव्हलपर (चित्र उमटवणारा), स्टॉप बाथ (ते थांबवणारा), फिक्सर (चित्र पक्कं करणारा) आणि धुण्याचं पाणी अशा चारही बाटल्या तासभर त्यात उभ्या ठेवा. चारही, फक्त डेव्हलपर नाही. डेव्हलपर २४ चा आणि धुणं नळाखाली ३५ चं, हा नेहमीचा घोळ. गरम पाण्यात इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, फुगून मऊ पडतं, नखाचा स्पर्शही ओरखडा होतो आणि दाणा विनाकारण मोठा दिसतो.

आयडी-११ मिळत नसेल तर तशाच कामाचा डी-७६ हा डेव्हलपर घरी करता येतो. ७५० मिली पाणी ५० अंशांपर्यंत गरम करा. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल २ ग्रॅम. ते पूर्ण विरघळल्यावर निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम, आणि थंड पाण्याने एक लिटर करा. क्रम बदलू नका: सल्फाइट आधी सगळं टाकलं तर मेटॉल विरघळत नाही, तळाशी पांढरं बसतं. पाणी बोअरचं नको, त्यातल्या क्षारांचा गाळ होतो. आरओचं घ्या. गळ्यापर्यंत भरलेल्या काचेच्या बाटलीत एक दिवस थंड होऊ द्या, मग वापरा.

टँक पॅटर्सनचा घ्या, १२० च्या एका रोलला ५०० मिली लागतं: २५० डेव्हलपर, २५० पाणी, वापरून फेकून द्यायचं. टँकमधलं, फिल्म गुंडाळायचं रीळ हाडासारखं कोरडं हवं. फिल्म अडकण्याचं दहातलं नऊ वेळा कारण ओलावा असतो, आणि उन्हाळ्यात चेंजिंग बॅगमध्ये हात घातले की दोन मिनिटांत घाम सुटतो. म्हणून बॅगेपेक्षा रात्री खिडक्या झाकलेली खोली बरी. कागद उलगडत गेलात की आधी फिल्मचं मोकळं टोक हाताला लागतं, तेच रिळावर चढवा. दुसरं टोक कागदाला पट्टीने चिकटलेलं असतं. ती पट्टी सावकाश सोडवा, झटका दिलात तर कोरड्या हवेत बारीक ठिणगी पडते आणि फिल्मवर तिची खूण उरते. पट्टी फाडून टाकण्यापेक्षा फिल्मच्या टोकावरच दुमडून टाका.

डेव्हलपर ओतल्यावर पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा टँक उलटा-सुलटा, पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा. दर वेळी टँक ओट्यावर आपटून बुडबुडे सोडवा. स्टॉप बाथला वेगळं रसायन नको. किराणा दुकानातलं ४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर, तितकंच पाणी. रॅपिड फिक्सर एकास चार, तीन ते पाच मिनिटं. तो नसेल तर हायपो २५० ग्रॅम आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २५ ग्रॅम, एक लिटरला, दहा मिनिटं. हायपो विरघळताना पाणी चांगलंच गार पडतं, त्यामुळे हे मिश्रण आदल्या दिवशी करा, नाहीतर सगळ्या बाटल्या २५ वर आणि फिक्सर एकटा १५ वर.

धुणं नळाखाली अर्धा तास, असं जुन्या पुस्तकांत असतं. ज्या गावात पाणी रोज येत नाही तिथे हे सांगायचं कुणाला? इल्फर्डची पद्धत वापरा. टँक भरा, पाच वेळा उलटा करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. दीड लिटरमध्ये काम संपतं. ही पद्धत रॅपिड फिक्सरसाठी आहे, साधा हायपो वापरला असेल तर आणखी दोन पाणी बदला.

शेवटचं पाणी मात्र बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब न राहू देणारं साबणासारखं द्रव), बाटलीवर लिहिलंय त्याहून थोडा कमीच. टाकीच्या जड पाण्याने शेवट केला तर वाळल्यावर पांढरे गोल डाग पडतात आणि ते आकाशात नेमके दिसतात. बोटांनी पाणी निपटू नका, फिल्म किंचित तिरकी टांगा आणि खालच्या टोकाला जड चिमटा लावा. टांगायची जागा म्हणजे न्हाणीघर, आधी गरम पाणी सोडून वाफ भरू द्या, वाफेबरोबर धूळ खाली बसते. पंखा बंद.

फिल्म इथे मागवावीच लागते. उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत ती भाजून निघते, त्यामुळे वर्षाचा साठा शक्यतो थंडीत मागवून फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या दोन तास आधी बाहेर काढा, पण वेष्टन फोडू नका, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. कॅमेरा घेताना विकणाऱ्याकडून दोन गोष्टी मागून घ्या: लेन्सचं जोडझाकण आणि आतला रिकामा १२० स्पूल. स्पूल नसेल तर पहिला रोल हातात घेऊन बसाल, कारण तो गुंडाळायला कॅमेऱ्यात काहीच नसेल.